आजोबांचं पान

आईच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, आणि आईने पाहिलं असं म्हणण्यातही फारसा अर्थ नाही. ती दोन वर्षांची असताना ते सुतारकामासाठी कोकणातलं गाव सोडून मुंबईला गेले, तिथे एका एजंटाकडे नाव लावलं आणि कुवेतला तेलाच्या कंपनीत पोचले. वर्षभर पत्रं आली, मग बंद झाली. पुढे तिकडून परतलेल्या कुणीतरी सांगितलं, की ते इस्पितळात वारले. कधी, ते त्याला सांगता आलं नाही.

तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होतं. ज्यांचं काहीच ठाऊक नाही, त्या सगळ्यांची सोय त्या दिवशी असते. आईला भाऊ नाही, त्यामुळे तिचा चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा, दर वर्षी नेमाने सगळं करतात. आई स्वयंपाकाला जाते, वाढते, पण तोंड फुगवून. "सगळ्या गावाच्या पंगतीत बसवलाय माझ्या बापसाला," ती म्हणते. "त्याचं सोताचं पान नाय." मागच्या वर्षी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यातून घरी आल्यावर तिने मला फोनवर स्पष्टच सांगितलं, "मी जायच्या आधी त्याची तिथी शोध. तू तिथंच तर हायस."

मी तिथंच आहे हे खरं. एकोणीस वर्षं कुवेतच्या एका इस्पितळात रक्त तपासतो आणि अबू हलीफात भाड्याने राहतो. पण म्हणून सत्तर वर्षांपूर्वीचा सुतार मला कुठल्या कोपऱ्यावर भेटणार? कंपनीत विचारलं, दूतावासात विचारलं. दोन्हीकडे माणसं चांगली होती आणि कागद नव्हते. मग सहकाऱ्यांपैकी कुणीतरी सुचवलं की त्या काळी परदेशी माणूस वारला आणि मागे वारस नसला, की सरकारी राजपत्रात तशी सूचना छापत. जुनं राजपत्र कुठे मिळेल, तर ग्रंथालयात.

ग्रंथालय निवडताना मी जे केलं ते कुणीही करू नये. सगळ्यात मोठं ते निवडलं. कुवेत सिटीतल्या त्या इमारतीत इतका संगमरवर होता की मी चपला काढायच्या बेतात होतो. ग्रंथालयं शुक्रवार-शनिवार बंद, म्हणून ड्यूटी बदलून घेऊन चार सुट्ट्या तिथे घातल्या. चौथ्या दिवशी कळलं की मला हवी ती वर्षं त्यांच्याकडे नाहीतच. मी ते पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं. मोठ्या जागी गेलं की माणूस उगाच शहाण्यासारखा वागतो.

दुसरं निवडलं ते घराजवळचं, कारण जवळ होतं. तिथे शाळेची मुलं एसीत बसून अभ्यास करत होती आणि इतिहासाचं एकच कपाट होतं. पण तिथल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन ठिकाणी फोन केले आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं: जहरा. तिथल्या छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात राजपत्राचे बांधलेले खंड आहेत. आता मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगतो, की इमारत बघू नका, टेबलामागचा माणूस फोन उचलतो का ते बघा.

जहरा म्हणजे माझ्याकडून अख्खं शहर ओलांडून तासाभराचा रस्ता. ग्रंथालयात साठीच्या एक कुवेती बाई होत्या. त्यांचे वडील मुंबईला व्यापाराला जात, म्हणून त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्यांनी सात वर्षांचे खंड काढून दिले, प्रत्येकाच्या शेवटी नावांची सूची. मी कागदावर आजोबांचं नाव अरबीत लिहून आणलं होतं. आडनाव आधी, मग त्यांचं, मग वडिलांचं. शाळेच्या दाखल्यापासून आपल्याला तीच सवय. आडनावात 'प' होता आणि अरबीत 'प' नाही, म्हणून हुशारीने 'ब' करून घेतला होता.

दोन सुट्ट्या मी सगळ्या सूच्यांत ते आडनाव धुंडाळत होतो. सापडलं नाही. तिसऱ्या वेळी मी खंड मिटला तेव्हा माझा चेहरा बघून बाई उठून आल्या. कागद हातात घेतला आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. "ये क्या है?"

"आडनाव. फॅमिली नेम."

"ये नहीं चाहिए." त्यांनी आडनावावर काट मारली. "उस का नाम. उस के बाप का नाम. बाप के बाप का नाम. बस."

मला स्वतःची लाज वाटली. रक्ताच्या शंभरेक नळ्या रोज माझ्या हातातून जातात. प्रत्येकीवर स्वतःचं, बापाचं आणि आजाचं नाव. माझ्या स्वतःच्या ओळखपत्रावरचं आडनावही इथल्या दवाखान्यात आजोबांचं नाव म्हणून वाचलं जातं, आणि मी ते एकोणीस वर्षं हसण्यावारी नेतो. तरी मी सूचीत आडनाव शोधत होतो! काखेत कळसा म्हणतात तो हा.

पण आजोबांच्या आजोबांचं नाव मला कुठे ठाऊक होतं? बाहेर व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला. मला वाटलं, तिला आठवायला वेळ लागेल.

तिने श्वासही घेतला नाही. वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्याही वडिलांचं, अशी तीन नावं ओळीने सांगितली. "तुला कसं गं पाठ?" मी विचारलं.

"पाठ कसं नसंल? पिंड ठेवताना भटजी मामाकडनं नावं घेववतो ती कोणाची? आमचीच माणसं. मी दारात बसून ऐकते की."

आत येऊन मी तिन्ही नावं आईने सांगितली त्याच क्रमाने लिहून दिली. चौथ्या खंडाच्या सूचीत ती त्याच क्रमाने होती.

सूचना पाच ओळींची होती, बाईंनीच ती वाचून दाखवली. नाव, देश हिंद, काम सुतार. आजाराने मृत्यू. मागे राहिलेलं सामान: अवजारांची एक पेटी, एक घोंगडी, कपडे. वारसाने महिन्याभरात येऊन ओळख पटवावी. ती सूचना कोकणात कोण वाचणार होतं? वाचून झाल्यावर बाईंनी मला विचारलं, "तू कौन है उस का?" मी म्हटलं, मुलीचा मुलगा. त्यांनी खंड माझ्याकडे सरकवला आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. माझे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी तिकडे बघितलं नाही याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

मृत्यूची तारीख मात्र हिजरी, म्हणजे चंद्रावर चालणारी होती, महिन्याचा एकोणतिसावा दिवस. जाताना मी त्यांना विचारलं, की याची इंग्रजी तारीख कशी काढायची. "वो मोबाइल में निकलेगा," त्या म्हणाल्या. "लेकिन उस रात चांद नहीं था. उनतीस को नहीं होता."

गाडीत बसल्यावर ते माझ्या डोक्यात शिरलं. तरी खात्री हवी म्हणून इंग्रजी तारीख काढून मामांना पाठवली, आणि त्यांनी भटजींकडून जुनं पंचांग बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला: अमावास्या. वर्षाची तिथी आता ते गेले त्या महिन्यात वेगळी करता येईल, पण अमावास्येला गेलेल्याचं पितृपक्षातलं पान सर्वपित्रीलाच. तिथे बदल काही नाही.

आईला मीच फोन करून सांगितलं. मला वाटलं, एवढं करून वेगळं पान मिळालं नाही म्हणून खट्टू होईल.

"मंजे इतकी वर्सं तो सोताच्याच दिवशी जेवत होता," ती म्हणाली. "आणि मी दर साली त्याला रागानं वाढत होते रे."