थंड हाताची बाई

"शर्ट वर कर, बापू."

ही आमच्या गावची म्हातारी सुईण. बाजाराच्या दिवशी मूल गावच्या दवाखान्यात बाकावर बसायची आणि दिसेल त्या माणसाला असं फर्मावायची. मग आपला थंडगार तळवा त्याच्या पोटावर ठेवून डोळे मिटायची.

"याले साखर हाय."

मी तिथं रक्त तपासणारा. मंडळी, माझं यंत्र मागाहून तेच बोलायचं! मी चहाची पैज लावायचो आणि हरायचो. एकदा तिनं माझ्याच पोटावर हात ठेवला. मी हसत होतो. यंत्र हसलं नाही.

"बाई, ही करणी कोणाची?"

"माहीच. तुम्ही सारे माह्या हातचे. तुह्या मायले मीच सांगतलं, अर्धं जेव, लेकरू लहान राह्यलं तं सुखानं मोकळी होशील. पोटातच उपास शिकले तुम्ही. आता भात भेटते, तरी अंग भेवून साठवूनच राह्यलं."

आमचे डॉक्टरही हेच सांगतात, फक्त इतक्या थंड हातानं नाही.

माझी मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली होती आणि बायको तिला रोज अर्धंच ताट वाढत होती. माझं ऐकेना, डॉक्टरांचंही ऐकेना. "मले बाईनंच सांगतलं होतं," म्हणायची. "आता बाईनं म्हटलं, तं भरून वाढीन."

मी बाईला हे सांगितलं. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं.

"पुढच्या बाजाराले येतो तुह्या घरी. जेवाच्या टायमाले."

पुढच्या बाजाराला बाक रिकामा होता. बाई पहाटेच वारली, असं मला तिथं कळलं. दुपारी घरी आलो, तर बायको ताट वाढत होती. एक पळी भात, वर वरण. बातमी कशी सांगावी म्हणून मी दारातच थबकलो.

इतक्यात मुलगी दचकली. पोट धरून म्हणाली, "आई! केवढा थंड हात तुहा!"

बायको चार हात लांब, भाताच्या गंजापाशी होती. तिनं आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजी, बाई येणार होती ना आज?"

"आली," मी म्हणालो.

बायकोनं पळी उचलली. दुसरी वाढली. मग तिसरी.