सरपणासाठी घेतलेल्या दोन कुऱ्हाडी

आमच्या घरात कोयता, खुरपं, विळा यांतलं काहीही मी हातात घेतलं की आई आधी आजूबाजूची लेकरं बाजूला करायची. मला याचा फार राग यायचा. पण तिचा हा अविश्वास अनुभवातून आलेला होता, त्यामुळे त्यावर बोलायची सोय नव्हती.

आमचा जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता आणि मी भौतिकशास्त्र घेऊन नुकताच बीएस्सी झालो होतो. या दोन्ही गोष्टींमुळे आता मोठं काहीतरी घडणार, असं मला वाटत होतं. नोकरी लागेपर्यंत मी कुरुंद्याजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. म्हणजे दोन वेळा जेवायला आणि मधल्या वेळात वडिलांच्या शेतीतल्या चुका काढायला. त्याच साली, हळद काढायच्या तोंडावर, वडील बैलगाडीवरून उतरताना पडले आणि त्यांचा उजवा हात मोडला.

हळद जमिनीतून काढली की फार दिवस तशीच ठेवता येत नाही. ती मोठ्या लोखंडी कढईत शिजवायची, मग उन्हात वाळवायची, तेव्हा कुठे तिचं हळकुंड होतं. आमच्या चार भाऊबंदांत मिळून एकच कढई होती. ती पाळीनं फिरायची. ज्याची पाळी त्याच्या शेतात कढई जायची आणि त्या दिवशी सकाळी चुलवणाजवळ फोडलेलं सरपण तयार असावं लागायचं. नसलं तर कढई पुढच्या घरी जाणार आणि आपली हळद ढिगात पडून राहणार. पडून राहिलेली हळद रंगाला उतरते, आणि आमचं वर्ष त्या रंगावरच चालायचं.

आमची पाळी आठ दिवसांवर आली होती. बांधावरची जुनी बाभूळ पाडून तिचे ओंडके करून ठेवलेले होते. आता ते फक्त फोडायचे होते. ‘फक्त’ हा शब्द माझा.

“दोन गडी सांगून ठेवतो,” गळ्यात हात बांधलेले वडील म्हणाले.

“गडी कशाला? मी हाय ना,” मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. शेतातल्या कामाला मी आपणहून ‘मी’ म्हटल्याची ती पहिलीच वेळ असावी. “बराबर हाय,” ते म्हणाले, आणि दुपारी पारावर जाऊन चार जणांना त्यांनी ते सांगूनही टाकलं. त्या हंगामात गडी मिळणं आधीच मुश्कील. आता तर ते सगळे दुसरीकडे लागले.

एखाद्या साध्या माणसानं कुऱ्हाड उचलून कामाला सुरुवात केली असती. पण मी शिकलेला होतो. मी आधी विचार करायचं ठरवलं.

घरात एक कुऱ्हाड होती. चुलीमागच्या कोपऱ्यात उभी असायची. आखूड दांड्याची, जाड, दोन्ही गाल फुगलेली. धार अशी की तिनं शिळी भाकरीही कापली नसती. मी ती उचलली, अंगठा फिरवला आणि हसून परत ठेवली. जेवताना मी वडिलांना दाब समजावून सांगितला. धार जितकी पातळ तितकी टेकायची जागा कमी, जागा जितकी कमी तितका दाब जास्त, म्हणून कुऱ्हाड पातळ आणि धारदार पाहिजे. वडील मान हलवत ऐकत राहिले. आई भाकरी थापत होती. तिनं एकदा तोंड उघडलं, वडिलांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती पुन्हा भाकरीकडे वळली.

कुरुंद्याच्या बाजारात एक म्हातारे मुसलमान लोहार बसायचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आमच्या वडिलांच्या वडिलांपासूनची अवजारं त्यांच्याच घरची. त्यांच्यापुढे दहा-बारा कुऱ्हाडी मांडलेल्या होत्या. मी एकेक उचलून उन्हात धरली, एक डोळा मिटून धार बघितली. हे असं बघितल्यानं नेमकं काय कळतं ते मला अजूनही माहीत नाही.

“काटना है के फाडना है?” चाचांनी विचारलं.

“एकच ना ते,” मी म्हणालो.

चाचा भाता ओढायचे थांबले. “एक कैसा होता बेटा?” त्यांनी कोपऱ्यातली एक जाड, बोजड कुऱ्हाड पुढे सरकवली. “फाडने को ये लेके जा. तकलीफ नहीं होगी.”

ती आमच्या घरातल्या कुऱ्हाडीची सख्खी बहीण दिसत होती. म्हातारा न खपलेला माल माझ्या गळ्यात मारतोय, असं मी मनात पक्कं केलं आणि सगळ्यांत पातळ पात्याची कुऱ्हाड निवडली. चाचांनी धार दाखवायला ती माझ्या हातावरून हलकेच फिरवली, तर तेवढ्या जागेचे केस साफ निघाले. मी ते टक्कल पडलेलं मनगट बसमध्ये शेजारच्याला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला घाव घातला. कुऱ्हाड लोण्यात जावी तशी चार बोटं आत गेली आणि तिथेच राहिली. ओढली, येईना. हलवली, येईना. ओंडक्यावर पाय देऊन दोन्ही हातांनी हिसका दिला, तर ओंडका कुऱ्हाडीसकट वर आला आणि माझ्या पायावर बसला. अर्ध्या तासानं कुऱ्हाड सुटली. दुसरा घाव घातला, पुन्हा तेच. दुपारपर्यंत एक ओंडका दोन ठिकाणी खरचटला होता आणि बांधावर बघे जमले होते. हळद काढणाऱ्या बाया तर जेवायची भाकरी घेऊन मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसल्या.

असे दोन दिवस गेले. मग मी शास्त्रात दुरुस्ती केली: दाब बरोबर होता, वजन कमी पडत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुरुंदा. चाचांच्या दुकानापुढून मी मान खाली घालून गेलो आणि दुसरीकडून सगळ्यांत जड कुऱ्हाड आणली. दांडा गुळगुळीत, लांब, तेल पाजलेला. तो आणखी कडक व्हावा म्हणून मी ती दोन दिवस गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात तापत ठेवली. आई दोनदा पत्र्याखाली येऊन वर बघून गेली.

पाचव्या दिवशी ती डोक्यावरून फिरवली, तेव्हा दांडा माझ्या हातात राहिला आणि पातं एकटंच गोठ्यात गेलं. म्हैस वाचली. दांडा बघितला, तर तो उन्हात वाळून बारीक झाला होता.

त्यानंतरचे दोन दिवस मी पाचर मारून दांडा बसवण्यात घालवले. पाळी दुसऱ्या दिवसावर आली तेव्हा चुलवणाजवळ एवढंच सरपण होतं की त्यावर चहा झाला असता. काढलेल्या हळदीचा ढीग मात्र छातीएवढा होता. संध्याकाळी वडील चुलत्यांकडे गेले. पुढची पाळी त्यांची होती. मी मागोमाग गेलो आणि दाराबाहेरच थांबलो.

“आधी तुमीच घ्या कढई,” वडील सांगत होते. “माझा हात लई ठणकून राहिला. माझ्याच्यानं सरपणाचं झालं न्हाई.”

मोडलेला हात आणि सरपण यांचा काही संबंध नव्हता, हे चुलत्यांना माहीत होतं. आठ दिवस सगळं गाव बघत होतं. तरी ते म्हणाले, “व्हय, व्हय. हाताचं काय खरं असतंय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कढई चुलत्यांकडे चार दिवस राहणार होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेतात गेलो, तर आई आधीच आलेली. तिच्या हातात चुलीमागची फुगल्या गालांची कुऱ्हाड. तिनं ती रात्रभर पाण्याच्या घागरीत उलटी बुडवून ठेवलेली होती, दांडा फुगून पातं घट्ट बसावं म्हणून. तिनं ओंडका उभा केला, त्याच्या तोंडावरची वाळून पडलेली चीर बोटानं दाखवली आणि घाव मध्यभागी न घालता कडेला, त्या चिरेवर घातला. फार जोरातही नाही. ओंडक्याची एक फाक अलगद बाजूला पडली.

“पातळ पातं आत जाऊन बसतंय,” ती म्हणाली. “हे जाड हाय, लाकडाला दोन्हीकडून रेटतंय. लाकूड सोताच फाकतंय.”

माझ्या जन्मापासून त्या घरात चूल पेटत होती आणि तिच्यासाठी लाकूड कोण फोडतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. लोहाराकडे गेलो, दुकानदाराकडे गेलो, पुस्तकातला दाब काढला. हिला तेवढं विचारलं नाही.

“माय, आधी काहून न्हाई सांगितलं?”

“तुझ्या बापानं गप केलं मला,” ती म्हणाली. “म्हणे, पोरगं पयल्यांदाच कामाला हात लावून राहिलं, त्याला काई बोलू नको. त्याचं मन मोडंल.”

मी तिच्या हातातून कुऱ्हाड घेतली. चार दिवस आम्ही दोघांनी मिळून फोडलं. ती दमली की मी, मी दमलो की ती. खरं सांगायचं तर मीच जास्त वेळा दमलो. पाचव्या दिवशी कढई आली, सरपण तयार होतं आणि हळद शिजली.

पण ढिगातले ते जास्तीचे दिवस हळदीनं लक्षात ठेवले होते. महिनाभरानं वाळलेली हळकुंडं घेऊन आम्ही वसमतच्या मोंढ्यात गेलो. व्यापाऱ्यानं एक हळकुंड कट्कन मोडलं, आतला रंग बघितला आणि तोंड वाकडं केलं.

“काढून लई दिवस पडून होती का?”

“व्हय,” वडील म्हणाले. “माझा हात मोडला ना या साली. माझ्यामुळंच उशीर झाला.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी हळकुंडाचा मोडलेला तुकडा उचलून आतला रंग नीट बघायला लागलो, जणू मला त्यातलं कळत होतं.

व्यापाऱ्यानं भाव पाडून सांगितला. वडिलांनी तो ऐकून घेतला आणि मग, भावाशी काही संबंध नसताना, बऱ्या हातानं माझ्याकडे बोट केलं.

“पण सरपण सगळं पोरानं फोडलं बरं का, एकट्यानं. बीएस्सी झालेलं हाय.”

“असं?” व्यापारी कौतुकानं म्हणाला. “बघू हात.”

मी दोन्ही हात पुढे केले आणि त्याला घट्टे दाखवले.