चेहऱ्यावर पट्ट्या आल्या की थांबायचं

माझा धाकटा भाऊ दिगंबर गेल्याची बातमी मला फोनवरच्या एका चित्रातून कळली. त्याच्या मुलानं, प्रफुल्लनं, घरच्या ग्रुपवर टाकलेली, झेंडूच्या चौकटीतली श्रद्धांजली. खाली नाव दिगूचं आणि वर कुणी गोरापान, गुळगुळीत गालांचा गृहस्थ. नावात चूक झाली असेल असं वाटलं... मग कानावरचा केसांचा झुबका ओळखला. दिगूच होता. सई, दुसऱ्या दिवशी तू टोरांटोहून विचारलंस, "आजी, मामाआजोबा इतके गोरे होते?" नव्हते. तू आणि तुझ्या भावानं, ईशाननं, त्याला कधी पाहिलं नाही. तुमच्याजवळ हाच एक चेहरा राहणार आणि तो खोटा आहे. म्हणून लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून चारचौघांनी वाचलं तरी चालेल, माझा राग अजून उतरलेला नाही.

दिगू काळा होता. सावळा नव्हे, काळा, आमच्या वडिलांसारखा. आर्वीत त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि उजेड मोजणाऱ्या यंत्राशी त्याचं जन्माचं वैर. समोर काळं दिसलं की ते उजळ करतं, पांढरं दिसलं की मळकट करतं, सगळ्या जगाला एकच राखाडी माप लावतं, असं तो चिडून सांगे. नवा डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा दाखवायला वर्ध्याला माझ्याकडे आला. डोळा लावायच्या खिडकीत आता इवलासा पडदा होता. फोटो कसा येणार ते आधीच दिसे आणि जिथे उजेड जास्त, तिथे तिरप्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सरकत. किती उजेडाला पट्ट्या याव्यात, ते ठरवता येई. दिगूनं ते मुद्दाम खाली आणलं होतं, आपल्याकडच्या चेहऱ्यांसाठी. "सदऱ्यावर येऊ दे, ताई. चेहऱ्यावर आल्या का थांबायचं. तिथून पुढं माणूस आपला राहत नाई."

अल्लीपूरच्या एका लग्नात मी शेजारीच उभी होते. नवरीची आई हळूच म्हणाली, "दिगूभाऊ, पोरीले थोडी गोरी करजा." "गोरी पायजे असन तं दुसरी नवरी आणा, मावशी. माह्या कॅमेऱ्यात हेच बसली हाय!" नवरीच सगळ्यांत मोठ्यानं हसली.

प्रफुल्ल स्टुडिओत बसू लागला आणि फोनवर चेहरे घासून गोरे करू लागला. बापलेकांचं भांडण मी कानांनी ऐकलं आहे. "बाबा, लोकायलेच गोरं पायजे. मी काऊन भांडू?" "मंग दुसरीकडं जाय. ह्या दुकानात मेलेल्याले बी त्याचाच चेहरा भेटन."

आणि त्याच दुकानात, त्याच्याच तेरवीला, भिंतीवर तो गोरा गृहस्थ हार घालून बसलेला! लोक येत होते, त्यालाच हात जोडत होते. गर्दी ओसरल्यावर मी प्रफुल्लला विचारलं, हे काय आहे?

"चांगले दिसावे म्हणून केलं, आत्या."

"तुझ्या बापाला चांगलं दिसायला काय कमी होतं?"

मी दिगूचा कॅमेरा मागितला, सारं दिगूनं ठेवलं होतं तसंच ठेवून चालू करायला लावला आणि भिंतीवरच्या तसबिरीवर रोखून डोळा लावला. सगळं धूसर. खिडकीशेजारचं चाक दिगूच्या डोळ्याच्या नंबरावर लावलेलं. पण पट्ट्या कळायला तेवढं पुरलं. त्या सदऱ्यावर होत्या, कपाळावर होत्या, गालांवर, नाकावर, कुठे थांबतच नव्हत्या. मी कॅमेरा प्रफुल्लकडे वळवला. तोही बापाच्याच रंगाचा. सदरा पट्ट्यांनी भरला, चेहरा स्वच्छ.

"घे, बघ," म्हटलं. तो बराच वेळ त्या तसबिरीकडे कॅमेरा रोखून उभा राहिला... मग स्टुलावर चढला, हार काढला, तसबीर उतरवली.

"मूळ फोटो हाय, आत्या. ह्याच कॅमेऱ्यानं मीच काढलता."

"मग तो लाव. आणि ग्रुपवरही टाक, आजच."

तोच तुम्हाला पाठवते आहे. कपाळाला आठ्या आहेत, कारण पोरगा फार वेळ लावत होता. दोघांनी पहिला पुसून टाका.

निघताना प्रफुल्ल कॅमेऱ्याच्या त्या चाकाशी बोट नेत म्हणाला, "फिरवून देऊ? तुम्हाले साफ दिसन."

"हात लावशील तर याद राख," मी म्हणाले.