एकोणीस नंबरचा कप्पा

टेलरबाईंचे कान पूर्वी शिलाई मशीनचे होते. सुई बोथट झाली, बॉबिनमधला दोरा संपत आला, की मान वर न करता त्यांचा पाय थांबायचा. गेल्या वर्षापासून ते कान गाडीचे झाले. घरात कापड बेतत असल्या तरी एक कान अंगणात उभ्या असलेल्या बंद गाडीकडे. बंद गाडी कसला आवाज करणार? पण धास्तीला कुठे एवढी अक्कल असते!

नवऱ्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहाला डायलिसिस. सेंटर चाळीस किलोमीटरवर. थेट जाणारी एक बस होती, ती ‘प्रवासी मिळत नाहीत’ म्हणून बंद केली. ज्याने केली त्याच्या घरात कुणाच्या पायाला सूज नसणार. बाईंनी तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच मिळाली, बस काही मिळाली नाही. मग बाई चिडल्या आणि शेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेला नवरा शेजारच्या सीटवर गेला. त्याच्या डाव्या हाताची शीर सुयांसाठी तयार केलेली, त्यामुळे जड उचलायला बंदी. तोंडावर मात्र डॉक्टरांनी काही बंदी घातली नव्हती.

“अगं, क्लचवर पाय ठेवून झोपलीस का?”

“अहो, तुम्ही खिडकीबाहेर बघा. झाडं मोजा.”

असं चाललं होतं. मग एका सोमवारी अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली ती पडलीच. सेंटरचा नियम असा, की साडेदहापर्यंत आला नाहीत तर मशीन पुढच्या पेशंटला. गॅरेजवाला दोन तासांनी उगवला, बॅटरीच्या टोकावरचा सैल क्लॅम्प त्याने आवळला आणि गाडी लगेच सुरू झाली.

“दहा नंबरचा पाना जवळ असता तर दोन मिनिटांचं काम होतं, बाई,” तो हात पुसत म्हणाला. “पण तुम्ही तरी काय करणार म्हणा. तुमचं काम सुईदोऱ्याचं.”

“माझ्या हातून सूतभर इकडचं तिकडे होत नाही,” बाई म्हणाल्या. “कुठला पाना कुठे लागतो एवढं दाखवा. बाकी बडबडणारी तोंडं शिवायला दोरा आहे माझ्याकडे.”

बोलायला बोलल्या, पण मंगळवारी नवऱ्याला आडवं होता येईना. पाणी छातीत चढलं होतं. पाठीशी उशांचा ढीग लावून तो बसून राहिला, आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर बाईंचा श्वास अडकत राहिला. एका सैल क्लॅम्पपायी! त्याच दिवशी बाईंनी ठरवलं, आता गाडीत आपली हत्यारं पाहिजेत.

पण त्यांची रीत टेलरची. हत्यारं घ्यायच्या आधी त्यांनी हत्यारांचे कप्पे शिवायला घेतले. हार्डवेअरच्या दुकानात गळ्यातली टेप काढून पान्यांची मापं घ्यायला लागल्या, तसा दुकानदार म्हणाला, “ताई, पान्याला शर्ट शिवताय का?”

“शर्ट नाही, खिसा. तुम्ही लांबी धरा.”

जाड कॅनव्हासची गुंडाळी झाली. प्रत्येक कप्प्यावर खडूने नंबर लिहिला आणि खडू पुसून जाईल म्हणून वरून लाल दोऱ्याने भरला. मग जसं जमेल तसं एकेक हत्यार आलं. आठपासून सतरा नंबरपर्यंतचे पाने, दोन तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फ्यूजची डबी, चिकटपट्टी, हवा मोजायचं घड्याळ, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली सुरू करायची केबल. चाकाचे नट एकोणीस नंबरचे, त्याला लांब दांड्याचा वेगळा पाना. त्याचा कप्पा कडेला, सगळ्यात लांब. बाईंचा नियम एकच होता: काम झालं की हत्यार कप्प्यात. कप्पा रिकामा म्हणजे काम अर्धं.

नवऱ्याने त्यात आपलाही हातभार लावायचा म्हणून ट्रंकेतून जुना, गंजका स्लाइडिंग पाना काढला. स्क्रू फिरवला की त्याचा जबडा लहानमोठा व्हायचा.

“हा घे. कुठल्याही नटाला बसतो.”

“कुठल्याही मापाला बसतो तो कपडा कुणालाच नीट बसत नाही,” बाई म्हणाल्या. “याला कप्पा नाही.”

“मी वीस वर्षं यावर काढली.”

“म्हणूनच तुमचे बोल्ट गोल झालेले असायचे.”

नवऱ्याने पाना उजव्या हाताने आपल्या सीटखाली सारला.

गुरुवारी दुपारी बाईंनी चाक बदलायचा सराव करायचं ठरवलं. रस्त्यावर पहिल्यांदा करण्यापेक्षा अंगणात पहिल्यांदा केलेलं बरं. जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं, परत चढवलं. चारही नट हाताने फिरवून बसवले. कपडा शिवताना आधी कच्चा टाका घालायचा, सगळं जागेवर बसलं की मग पक्की शिलाई. नटांचंही तसंच, हे त्यांना फार आवडलं. जॅक खाली घेतला. आता पाना लावून आवळायचं, तेवढ्यात शेजारीण युनिफॉर्मची पँट घेऊन दारात. चेन तुटलेली, तासाभराने पोराचा शाळेत कार्यक्रम. बाई आत गेल्या. चेन झाली, मग पँटची उंची निघाली, मग शेजारणीच्या सासूचं पुराण निघालं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी गाडीला चक्कर मारली. चाकावर प्लास्टिकचं झाकण बसलेलं. डिकीत गुंडाळी गुंडाळून, नाडी बांधून ठेवलेली. म्हणजे काम झालं. बाई निघाल्या.

अठरा किलोमीटर ठीक गेले. मग मागून आवाज आला. खट्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा खट्, खट्.

बाईंनी आपल्या बाजूची काच खाली केली. “ऐकलंत?”

“टायरच्या खाचेत खडा अडकला असेल. चल तू.”

“खडा रस्त्यावर वाजतो. हे आत काहीतरी खुळखुळतंय.”

“सव्वानऊ वाजलेत. थांबलीस तर आजचं गेलं,” नवरा म्हणाला. आवाज चढवायलाही त्याला दम पुरत नव्हता. सकाळपासून त्याने पायात चप्पल घातली नव्हती. ती चढतच नव्हती.

थांबावं तर मशीन जातं, न थांबावं तर... बाईंनी पुढचा विचार केला नाही. वेग कमी केला तसं स्टिअरिंगवरच्या हातांना थरथर कळायला लागली. आधी त्यांना वाटलं आपलेच हात कापताहेत. हात घट्ट धरले, तरी थरथर तशीच. तशी त्यांनी गाडी कडेला घेतली.

झाकण काढलं आणि एक नट टपकन त्यांच्या पायाशी पडला. दुसरा आट्यांच्या टोकावर लोंबकळत होता. उरलेले दोन बोटाने फिरत होते. बाई मातीत बसल्याच. कच्चा टाका! पक्की शिलाई राहिली होती.

“पण झाकण कुणी लावलं?”

नवरा दार धरून उतरला होता.

“मी,” तो म्हणाला. “काल तू आत होतीस. मला वाटलं तुझं झालंय. म्हटलं, एवढं तरी करावं. गुंडाळीही मीच बांधली.”

बाईंनी डिकी उघडून नाडी सोडली. कडेचा लांब कप्पा रिकामा. वर लाल दोऱ्यातला एकोणीस. पाना अंगणात, भिंतीला टेकलेला, त्यांना इथून दिसत होता. दुसरा कप्पा, तिसरा, सगळे पाने सतराला संपत होते. दोन नंबर कमी. दोन मिलिमीटर. बाईंना रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, त्या न दिसणाऱ्या बसचा, सासूपुराणाचा, आणि आपला स्वतःचा. हात दाखवला तर दोन गाड्या न थांबता गेल्या.

“अगं,” नवरा म्हणाला. मग थांबला. पुढचं बोलायला त्याला भीती वाटत असावी. “सीटखाली बघ.”

बाईंनी सीटखाली हात घातला. गंज हाताला लागला.

जॅकने चाक थोडं उचललं. पडलेला नट पदराने पुसून बसवला, चारही हाताने सारखे केले, चाक टेकवलं. मग स्लाइडिंग पान्याचा जबडा नटावर आणून स्क्रू आवळला. पहिल्यांदा पाना सटकला आणि बाईंची बोटं सोलवटली.

“जबडा अजून आवळ. ढिला राहिला तर नट गोल होतो,” नवरा म्हणाला. “आणि गोल गोल जाऊ नकोस. एक झाला की समोरचा.”

“माहितीये मला.”

“माहितीये तर माहितीये.”

एक, मग त्याच्या समोरचा. नवरा एकेक नट मोठ्याने मोजत होता, धापा टाकत. चौथ्याला बाईंनी सगळं वजन दांड्यावर टाकलं. पाना हलला नाही. पुन्हा टाकलं. नाही हलला. पक्की शिलाई. झाकण त्यांनी लावलंच नाही, डिकीत फेकलं.

पुढचे बावीस किलोमीटर दोघांचेही कान मागच्या डाव्या चाकात होते. सेंटरच्या दारात घड्याळात दहा सत्तावीस. सिस्टर म्हणाली, “आज काय, फिरत फिरत आलात?” आणि बाईंचे रक्ताळलेले हात दिसताच लगबगीने मशीनकडे वळली. नवऱ्याला मशीन लागलं.

चार तासांत बाई तीनदा पार्किंगमध्ये जाऊन नट बघून आल्या. चौथ्या वेळी गुंडाळी घेऊनच आल्या. पर्समध्ये सुई असतेच. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, गुंडाळीच्या टोकाला उरलेल्या कॅनव्हासच्या पट्टीचा त्यांनी कप्पा घातला. माप कुठलं धरावं कळेना, पान्याचा जबडा उघडबंद करून पाहिला. शेवटी मोठाच ठेवला.

परत निघाल्यावर पाच किलोमीटरवर त्यांनी गाडी पुन्हा थांबवली आणि पाना घेऊन उतरल्या.

“अगं, आता कितीदा?”

“शिवलेलं उलटून बघतेच मी,” बाई चाकापाशी बसत म्हणाल्या. “तुम्ही मोजा.”

नवऱ्याने काच खाली केली. “एक,” तो म्हणाला.