मामंजींच्या फुलपात्रातलं पाणी

हे मी कुणाला बोललेले नाही. ह्यांना, माझ्या नवऱ्याला, तर नाहीच. आत्ता सांगतानाही कान फाटकाकडं आहे, ह्यांची गाडी वाजते का म्हणून.

आमचं घर कराडजवळ. माझे सासरे, मामंजी, फौजेत ऑफिसरांच्या मेसला होते. तिथलं एक पेय त्यांनी मला शिकवलं — ड्राय मार्टिनी. जिन फ्रीजरमधे गारठवायची. व्हर्मुथ नावाची वाइन ग्लासात नुसती फिरवून ओतून द्यायची. मग जिन, वर लिंबाच्या सालीचा पिळा, झालं. दिसायला निव्वळ पाणी. म्हणून मी ते फुलपात्रातच द्यायची, येणाऱ्याजाणाऱ्याला पत्ता नाही. एक घोट घेऊन ते म्हणायचे, "लय झ्याक, सूनबाई." या घरात माझ्या हाताला एवढं कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्यांचं लिव्हर बिघडलं. डॉक्टरांनी दारू बंद केली, ह्यांनी बाटल्या मोरीत ओतल्या. एक मी आधीच फ्रीजरमधल्या मटारच्या पिशवीखाली सरकवली होती, ती संपेस्तोवर फुलपात्र भरत राहिले. कीव आली म्हणून? नाही हो. मला ते "लय झ्याक" हवं होतं.

मी गोठ्यात लपवलेली रिकामी बाटली ह्यांना सापडली. कुणी आणली, विचारलं. मी एवढंच म्हटलं, "दुपारी बापू आलेले." बापू म्हणजे मामंजींचे पलटणीतले दोस्त, रोज गप्पांना यायचे. आले तर होतेच — खोटं काय होतं त्यात? ह्यांनी त्यांना फाटकातच अडवलं, नको नको ते बोलले. मामंजी ओट्यावरून ऐकत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सुनेची लाज राखायला त्यांनी दोस्त घालवला. फुलपात्र पुन्हा मागितलं नाही.

पुढं मामंजी गेले. दहाव्याला संगमावर कावळा पिंडाला शिवेना. शेतीचं बघू, देवीचं बघू, सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेवटी हे हात जोडून म्हणाले, "आबा, त्या बापूला परत उंबरा चढू देणार न्हाई." — आणि कावळा शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. तोंड उघडायची ती वेळ होती, हे मला तिथं उभी असतानाच कळत होतं. मी पदर सावरला.

बापू अजून डेअरीला दूध घालायला आमच्या दारावरूनच जातात. फाटकापाशी त्यांचं पाऊल जरा मंदावतं. मी खिडकीत असते. त्यांनी वर पाहिलं की पडदा ओढून घेते.