बत्तीमामा आणि चुलीवरचा पॉइंट

बत्तीमामा वायरिंगला आले की आधी शिडी मागत नसत, पाट मागत. मग घरभर बसून बघत. सोप्यात, माजघरात, थेट चुलीपुढे. कमरेला पक्कड लावलेला हा वायरमन आमच्या चुलीपुढे मांडी घालून रिकाम्या परातीत भाकरी थापू लागला, तेव्हा मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "हसू नका सूनबाई. दिवा पाठीमागं लावला, तर भाकरीवर तुमचीच सावली पडंल."

कासारवाडीत तेव्हा नुकतीच वीज येत होती. यांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागलेली, रस्त्याकडेला नवं घर उभं राहिलेलं, आणि त्यात बत्ती! आम्ही नुसते हुरळून गेलो होतो. यांनी पुण्याहून दिव्याला गुलाबी काचेची शेड आणली, तीही स्टेशनपासून तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून. पॉइंट तीनच मंजूर होते. बाहेरचा ओटा, सोपा आणि माजघर. शेड अर्थातच सोप्यात, कारण वास्तुशांतीला कारखान्याचे साहेब यायचे होते. स्वयंपाकघराला चुलीचा जाळ असतोच की, असं आमचं ठरलेलं.

मामांचा एक हट्ट असे. घरातल्या प्रत्येकानं आपलं रोजचं काम त्यांच्यासमोर करून दाखवायचं. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्यांनी चुलीपुढे बसवलं. त्या मीठ-तिखटाचे डबे हातानं चाचपून घेत होत्या. मामांनी हळूच विचारलं, "नजर कधीपासनं अधू झाली, आक्का?"

"गप ऱ्हावा," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "लेकाला कळलं तर चुलीपुढनं उठवील मला."

मी दारातच होते. महिन्यापूर्वी त्यांचा हात आमटीनं भाजला, तेव्हापासून हे म्हणतच होते, आईनं आता बसून खावं. पण चूल सुटली तर या घरात आपलं काय राहिलं, ही धास्ती त्या बाईला जाळत होती. मला फार वाईट वाटलं.

मामांनी यांना आत बोलावलं. "राव, पाव्हणा वर्साला चारदा येतोय, भाकरी रोज दोनदा व्हती. सोप्यातला पॉइंट हितं घ्या."

"आणि साहेब आले म्हणजे? कंदील दाखवू?" हे उसळले.

मामा आत्याबाईंबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मग मीच धीर केला. "मलाही तांदळातले खडे दिसत नाहीत," म्हणाले. यांनी माझ्याकडे बघितलं, पुटपुटले, आणि तयार झाले.

आता गंमत बघा! मामांनी भिंतीवर खडूची खूण केली, आणि आत्याबाईच आडव्या आल्या. तिथल्या दिव्याचं तोंड दक्षिणेला होत होतं. "यमाच्या दिशेला? मी जित्ती असूस्तवर न्हाई!" जिच्यासाठी दिवा, तीच नको म्हणून बसली. मी कपाळावर हात मारला. मामा कुणाच्या रीतीला कधी हसत नसत. त्यांनी खूण पुसली, आढ्याकडे बघितलं आणि चुलीच्या जरा अलीकडे वरून वायर सोडली. "घ्या आक्का, ह्येचं त्वांड धरणीमायकडं. आता कुनाची हरकत?"

गुलाबी शेडही तिथंच लागली. "धुरानं काळी होईल ती!" हे कळवळले.

"पुसू की!" मी म्हणाले. मला कधी एकदा बत्ती पेटते असं झालं होतं.

कनेक्शन आलं त्या संध्याकाळी यांचा हात बटणाकडे गेला, तो मामांनी धरला आणि आत्याबाईंना पुढे केलं. टक् झालं आणि चूल, परात, डबे, सगळं लख्ख! आम्ही सगळ्यांनी हात जोडले. आत्याबाई मात्र माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "अगं, तुला हितं तीळ हाय व्हय?" दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी राबत होते!

पुढे मामा खांब-तारांबरोबर चाकणकडे गेले ते पुन्हा भेटले नाहीत. काही वर्षांनी ते वारल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. "भला मानूस," त्या म्हणाल्या. "मला दिसत न्हाई, ह्ये माज्या लेकाला त्यानं कंदी सांगितलं न्हाई."

बोलून गेल्यावर त्यांना भान आलं. हे समोरच जेवत होते. यांनी मान वर केली नाही, फक्त ताट पुढे सरकवलं.

"आई, अजून अर्धी वाढ," हे म्हणाले. "तुझ्या हातची."