शिवाप्पांचा ठिपका

“दोघी आहेत. पाणी ओसरीवर. बोट पाठवा.”

शिवाप्पांचा हा मजकूर मी नायब तहसीलदार मॅडमना वाचून दाखवला.

मांजरा नदीला पूर आला होता. मोबाइलचे टॉवर सकाळीच बंद पडले, म्हणून तहसीलमधून मला बोलावणं आलं. मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला. हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायचा वायरलेस, हा माझा नाद. शिवाप्पा या नादातले जोडीदार. येरमाळ्यात त्यांचं भुसार दुकान. आदल्या दिवसापासून नदीकाठी फिरून ते पाण्याची खबर देत होते. एका वस्तीवर सासू-सुनेला आणायला गेले आणि मागं ओढ्यानं रस्ता तोडला.

त्यांच्या हातातला सेट थोड्या थोड्या वेळानं आपली जागा सिग्नलनं कळवायचा. येरमाळ्याच्या डोंगरावर आम्ही ठेवलेलं यंत्र ती ऐकून पुढं पाठवायचं. माझ्या लॅपटॉपवर, नकाशात, ठिपका उमटायचा. याला एपीआरएस म्हणतात. छोटा मजकूरही जातो. आवाज मात्र एवढ्या लांब पोचत नव्हता.

“जागा पक्की आहे?” मॅडमनी विचारलं.

“घरापर्यंत पक्की. बोट?”

“एकच आहे. खालच्या गावात गुंतलीय.”

थोड्या वेळानं दुसरा मजकूर आला. “भिंत खचली. दोघींना कडुलिंबावर चढवतो. सेट वर बांधतो. आता लिहिणं होणार न्हाय.”

उंचावरून सेटचा सिग्नल चांगला पोचतो. म्हणून बांधला. ठिपका स्वच्छ येत राहिला.

दुपारी बोट मोकळी झाली. मी उठलोच होतो, तेवढ्यात कोतवाल धावत आला. “म्याडम, वरच्या वस्तीवर लई लेकरं पत्र्यावर हायती. पत्रा वाकलाय.”

मॅडम माझ्याकडं वळल्या. “काका, शिवाप्पांचा ठिपका येतोय ना? म्हणजे ते ठीक आहेत?”

“ठिपका येतोय म्हणजे सेट चालू आहे. माणसाचं त्यात काही कळत नाही.”

“मग तुम्हीच सांगा. कुठं पाठवू?”

“लेकरांकडं पाठवा,” म्हणालो.

मग बसून राहिलो. मजकूर पाठवत राहिलो. वाचायला तिकडं कुणाचा हात मोकळा नव्हता, हे माहीत होतं. जाता-येता कुणीतरी स्क्रीनवर वाकायचं आणि म्हणायचं, “हायत की वो तिथंच.” शेवटी मी लॅपटॉप भिंतीकडं वळवून घेतला.

लेकरं सगळी निघाली. संध्याकाळी बोट शिवाप्पांच्या वस्तीवर पोचली. सासू-सून लिंबावर जिवंत होत्या. शिवाप्पा नव्हते.

आम्हाला यातलं काही कळलं नव्हतं; नकाशावर ठिपका तेवढा हलायला लागला. ओढा ओलांडून सावकाश आमच्याकडं येऊ लागला. मॅडमनी टेबलावर हात मारला. “आले!” सगळे खिडकीशी गेले.

बोटवाल्यानं सेट झाडावरून सोडवून बरोबर आणला होता.

सून दारातच खाली बसली. “आमाला वर बसवलं, सेट बांधला. मग त्यांच्या पायाखालची फांदी मोडली. आप्पा दुपारीच गेलं वो. आमी लई हाका मारल्या.”

दुपारी म्हणजे नेमकं कधी, बोट निघायच्या आधी की नंतर, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

सेट मी माझ्या हातानं बंद केला. मग त्यांच्या घरी कळवायला निघालो.

हल्ली नवीन लोकांना शिकवताना पहिल्याच तासाला सांगतो: ठिपका सेटची जागा दाखवतो, माणसाची नाही. आणि जागा कळली म्हणून बोटी वाढत नाहीत.